मिरचीच्या कळीचं पान

सुचिताला सकाळी उठल्या उठल्या चहा लागत नाही की देव आठवत नाही. तिला लागतो मोबाइल. गावातल्या बाकीच्या सुना मोबाइलमध्ये काय बघतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण सुचिताचं बघणं निराळं. आपल्या वेबसाइटवर काल किती माणसं येऊन गेली, कोणत्या पानावर रमली आणि कोणत्या पानाच्या दारातूनच माघारी फिरली, त्याचा आलेख ती बघते. आलेख चढलेला असला की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी ती रागावत नाही. उतरलेला असला तर नवऱ्यानं, म्हणजे गजेंद्रनं, त्या दिवशी जरा जपून बोलावं.

देऊळगाव राजाहून दुसरबीडकडं निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडनेटं लागतात. आत मिरची असते, टमाटे असतात, काकडी असते, पण त्यातलं काही भाजीला जात नाही. ते सगळं बियाण्यासाठी. एका जातीच्या कळीतले नर केसर फुलायच्या आधी चिमट्यानं खुडायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दुसऱ्या जातीचा पराग लावायचा आणि खूण म्हणून देठाला रंगीत धागा बांधायचा. पुस्तकात याला मोठमोठी नावं आहेत. इथं सगळे क्रॉसिंग म्हणतात, आणि ते बाया करतात. कळी हरभऱ्याच्या दाण्याएवढी आणि केसर मुंगीच्या पायाएवढे. त्यातला एक जरी आत राहिला तरी कळी स्वतःच्याच परागानं फळ धरते, बियाण्यात भेसळ होते आणि तपासणीत सगळा माल नापास होतो. म्हणजे नेट कोणाचंही असो, त्याची अब्रू बायांच्या बोटांत आणि डोळ्यांत असते.

सुचिता मूळची चिखलीची. कृषी पदविका झालेली आणि देऊळगाव राजाच्या एका रोपवाटिकेत कामाला. तिथं रोपं न्यायला येणारे शेडनेटवाले तिला नाना प्रश्न विचारायचे. त्यांची उत्तरं एक तर इंग्रजीत होती, नाही तर बियाणे कंपनीच्या साहेबाच्या डोक्यात, आणि साहेब आठवड्यातून एकदा उगवणार. तेव्हा सुचितानंच मराठीत वेबसाइट काढली आणि तिला 'बीजवाट' नाव दिलं. गजेंद्र काळीपिवळी चालवतो. त्यानं गाडीच्या मागच्या काचेवर साइटचं नाव रंगवून घेतलं. बायकोवर आपलं प्रेम आहे याचा त्या माणसाकडचा तेवढाच लेखी पुरावा.

साइटवर तिनं काय नाही लिहिलं? फुलकिडे, चुरडामुरडा, ठिबकमधून सोडायची खतं, कंपनीशी करार करताना काय बघायचं, सगळं. पण तिचा खरा जीव होता तो 'शेडनेटमधील प्रकाश आणि तापमान' या पानावर. वेगवेगळ्या नेटांमध्ये थर्मामीटर टांगून, दुपारच्या उकाड्यात घामाघूम होऊन तिनं ते पान तयार केलं होतं. तक्ते होते, आकृत्या होत्या. वाचणारं मात्र कोणी नव्हतं. त्या पानावर इतकी शांतता, की तिथं खुशाल अभ्यासिका काढावी. कधीमधी कोणी चुकून यायचं आणि चपला न काढताच निघून जायचं.

आणि बारा महिने जत्रा भरायची ती मिरचीच्या कळीच्या पानावर. हे पान तिनं एका संध्याकाळी, भाजी शिजेस्तोवर केलं होतं.

त्या पानाचं मूळ तिच्या घरात होतं. मूळ म्हणजे तिची सासू, तानुबाई. या भागात पहिलं नेट उभं राहिलं तेव्हा क्रॉसिंग शिकलेल्या पहिल्या बायांतली तानुबाई एक. आता ती मुकादमीण. शंकररावांच्या नेटावर दरवर्षी तिची टोळी जाते. कोणत्या बाईनं कोणती ओळ धरायची, कोणाचा हात आज जड आहे, कोणाला घरी पाठवायचं, हे तानुबाई ठरवते आणि शंकरराव मान हलवतात. घरात तिचा आवाज फारसा नसतो. नेटात मात्र ती नुसती खाकरली तरी चिमटे नीट धरले जातात.

तर या तानुबाईच्या हातून हल्ली तांदळातले खडे सुटायला लागले होते. सुई ओवायची झाली की ती शेजारच्या पोरीला हाक मारायची. फोन आला की मोबाइल हात लांब करून धरायची, जणू तो चावणार आहे. सुचिताच्या लक्षात आलं. पण सासूला 'तुमची नजर गेली' असं तोंडावर सांगणारी सून अजून या तालुक्यात जन्मायची आहे. म्हणून तिनं आडवाट धरली. मिरचीच्या उमललेल्या कळीचा एक सुंदर फोटो काढला, पानावर टाकला आणि खाली लिहिलं: 'फोटो मोठा न करता, नेहमी कळी धरता तेवढ्या अंतरावरून केसर मोजा. एक केसर मागं लपलेला आहे. मोजता येत नसतील तर जवळचा चष्मा लागला आहे, लाजू नका.' आणि अगदी तळाशी, शाळेच्या पुस्तकात असतं तसं: 'बरोबर उत्तर: सहा.'

पान तयार झाल्यावर तिनं ते पहिल्यांदा तानुबाईलाच दाखवलं. तानुबाईनं मोबाइल घेतला, दूर धरला आणि क्षणभर बघितलं.

"मिरचीच्या कळीत पाच नाही तं सहा केसर राह्यतात. त्याच्यात मोजाचं काय हाय?" म्हणाली आणि म्हशीला पेंड घालायला निघून गेली.

सुचिताला वाटलं, चला, दिसतं बाई आत्याबाईंना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पण दिव्याला तो कधी दिसला आहे?

यंदा पोळा झाला आणि त्या पानाचा आलेख जो उठला तो खाली यायचं नाव घेईना. सगळी साइट एकीकडं आणि हे एक पान एकीकडं. नाकापेक्षा मोती जड झाला. सुचिता रोज सकाळी हरखून जायची. त्यात तिला आणखी एक गोष्ट दिसली. येणारी माणसं पान उघडायची ती थेट तळापर्यंत जायची. शिवाय तीच तीच माणसं परत परत यायची.

"पाहा," ती गजेंद्रला म्हणाली, "लोक शेवटपर्यंत वाचतात. एकदा वाचून समाधान होत नाही त्यांचं, पुन्हा येतात. याला म्हणतात ज्ञानाची भूक."

"भूक नसन ते," गजेंद्र गाडीची काच पुसत म्हणाला. "काही तरी हरवलं असन त्यांचं तिथं."

"तुम्हाला नाही कळायचं."

"नाई कळत. पण मायसुद्धा रोज दुपारी माह्या मोबाइलवर तेच पान लावून मांगते. मले वाटलं तू सांगतलं तिले."

सुचितानं सांगितलं नव्हतं. पण सासूही आपली वाचक झाली या आनंदात तिनं पुढचा विचारच केला नाही. कौतुकाचं असंच असतं. ते दाराशी उभं असलं की बाकीच्या पाहुण्यांना आत यायला जागा राहत नाही.

त्याच आठवड्यात सहदेवचा फोन आला. सहदेव ऑर्गनायझर, म्हणजे कंपनी आणि नेटवाले यांच्यामधला माणूस. बाया, बियाणं, पराग, तपासणी, सगळ्याची जुळवाजुळव तो करतो. "वहिनी, तुमचं ते कळीचं पान म्हणजे एक नंबर काम हाय," तो म्हणाला. "आपल्या बीजोत्पादकांचा मेळावा ठेवला हाय देऊळगाव राजाले. तुम्ही या पानावर बोलाचं." सुचितानं फोन ठेवला तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. लोकांना कोणतं पान हवं असतं आणि का, यावर तिनं मनात भाषण जुळवायला घेतलं. गजेंद्रला ते इतक्या वेळा ऐकावं लागलं, की गाडीत बसलेल्या उतारूंनाही पाठ झालं असणार.

मेळाव्याच्या चार दिवस आधी शंकररावांच्या नेटावर बायांची निवड होती. यंदा ती सहदेव करणार होता, मुकादमीणीसकट सगळ्यांची. त्या सकाळी गजेंद्रची गाडी लग्नाच्या भाड्यावर गेलेली, म्हणून सुचितानं तानुबाईला स्कूटीवर घेतलं. मागं बसून तानुबाई वाटभर काही तरी पुटपुटत होती. सुचिताला वाटलं, देवाचं नाव घेत असेल.

नेटाच्या दाराशी बायांची रांग लागली होती. दारात खुर्ची टाकून सहदेव बसलेला, शेजारी शंकरराव उभे. सहदेव एकेका बाईसमोर मोबाइल धरत होता आणि विचारत होता, "किती?" बाई उत्तर द्यायची आणि आत जायची, नाही तर बाजूला व्हायची. सुचितानं स्कूटी लावली आणि मोबाइलकडं बघितलं. तिची कळी! तिचं पान! आपण केलेलं पान प्रत्यक्ष नेटावर कामाला येतंय, आणि तेही शंकररावांसारख्या माणसाच्या दारात. तिचा ऊर भरून आला. फोटो काढावा, मेळाव्यात दाखवावा, असा विचार करून ती बाभळीच्या आड उभी राहिली.

रांगेत अश्विनी होती, नुकतं लग्न होऊन आलेली विशीतली पोर. तिनं मोबाइलकडं नीट निरखून पाहिलं.

"पाच दिसतात," ती म्हणाली.

"नापास. निंदणाले जाय," सहदेव म्हणाला.

निंदण म्हणजे तण काढायचं काम, मजुरी कमी. अश्विनीचे डोळे भरून आले. तिच्यामागच्या कौशल्याबाईचं वय तिच्या आईहून जास्त. तिनं मोबाइलकडं बघितलं न बघितलं आणि म्हणाली, "सहा." सहदेव म्हणाला, "जाय आत." मग पुढची आली, सहा. तिच्या पुढची, सहा. सुचिताचा काढलेला मोबाइल हातातच राहिला. बाया पान उघडून थेट तळाशी का जातात, ते आता तिच्या ध्यानात येत होतं.

ज्ञानाची भूक कसली? बरोबर उत्तर खाली लिहिलेलं होतं, तिनंच. बायांची पोरं शाळेत जातात, त्यांनी वाचून दाखवलं आणि बायांनी पाठ केलं. उत्तर बदललं तर नाही ना, हे बघायला त्या परत परत येत होत्या. बायांना वाचता येत नाही, अशी सहदेवची पक्की समजूत. पण ज्यांच्या घरात पोरं आहेत त्या बायांना वाचता यायची गरजच काय? ज्या पानानं चष्मा घ्या म्हणून सांगायचं, त्याच पानाची सहदेवनं पोळ्यापासून नेटोनेटी दारावरची परीक्षा केली होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. त्यात डोळे शाबूत असलेली पोर बाहेर आणि उत्तर पाठ असलेली आत.

तेवढ्यात सहदेवला फोन आला. बोलून झाल्यावर त्यानं पान पुन्हा उघडलं आणि सवयीनं मोबाइल पुढं केला. स्वतः तो शंकररावांशी बोलत होता. समोर तानुबाई उभी होती.

सुचिताचा तो फोटो सुंदर होता आणि जडही होता. नेटाजवळ रेंज अशी तशीच. पडदा पांढराशुभ्र होता, त्यात एक गोल चक्र फिरत होतं. कळीचा पत्ता नव्हता.

"सहा," तानुबाई म्हणाली.

सहदेवनं मान वळवून मोबाइल बघितला, मग तानुबाईला बघितलं आणि मोठ्यानं हसला. "मावशी, फोटो आलाच नाई अजून. तुमाले दिसला काय?"

बाया हसल्या. जिनं पंधरा वर्षं त्यांच्या हातांना वळण लावलं तिलाच हसल्या, आणि हसून झाल्यावर एकमेकींकडं बघेनात. शंकरराव खाली मान घालून म्हणाले, "तानुबाई, यंदा निंदणाकडं पाहा तुम्ही. थोडा आराम होईन."

तानुबाईनं पदर सावरला. "बरं," म्हणाली आणि चालायला लागली. सुचिता बाभळीआडून धावत बाहेर आली. सहदेवला काय काय सुनवायचं ते तिच्या ओठांवर होतं. पण तानुबाईनं तिचा दंड धरला. पकड चिमट्याची होती.

"घरी चाल," ती म्हणाली. "इथं नाई बोलाचं."

दुसरबीडच्या रस्त्यावर उसाच्या रसाचं दुकान दिसलं तेव्हा सुचितानं गाडी थांबवली. रस समोर आला, पण दोघींनीही प्यायला नाही.

"आत्याबाई, मला एकदा सांगितलं असतं तर?"

"काय सांगू? मुकादमीण आंधळी झाली म्हणून सांगू?" तानुबाई बोलायला लागली ती न थांबता बोलली. "दोन वर्षं झाले. कळी हाती घेतली का धुकं दिसते. बोटाले कळते म्हणून निभलं. बायाईले सांगाची सोय नाई. त्याईचे हात मी पाह्यतो, आन मलेच दिसत नाई म्हटल्यावर कोण ऐकन माह्यं? म्हणून शेजारच्या पोरीकडून वाचून घेतलं आन पाठ केलं. पाठ कराले डोळे लागत नाईत."

"मग चष्मा?"

"नेटात घामानं चष्मा नाकावर टिकत नाई. आन चष्मा लावला का बाया म्हणतीन, म्हातारी झाली, बसव आता घरी."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरं. पण त्या मुठीत तानुबाईचं सगळं आयुष्य होतं आणि ती आज भर रांगेत उघडली होती. सुचिताला रडू आलं. राग सहदेवचा होता, स्वतःचाही होता, आणि त्याच्या पोटात एक निराळीच गोष्ट होती. बोटांनी चाचपून दोन वर्षं केसर काढणारी आणि दोन्ही वर्षं शंकररावांचा माल पास करून दाखवणारी ही बाई आपल्या घरातली आहे, याचा तिला अभिमान वाटला. तो तिनं तिथल्या तिथं बोलून दाखवला. तानुबाईनं रसाचा पेला तोंडाला लावला.

घरी आल्यावर सुचितानं साइट उघडली आणि कळीचा फोटो काढून टाकला. उत्तरही काढलं. बोट क्षणभर अडखळलं, खोटं कशाला बोला. साइटचं सगळं नाव त्या एका पानावर होतं आणि चार दिवसांवर मेळावा होता. सहदेवचा फोन तासाभरात आला.

"वहिनी, फोटो दिसून नाई राह्यला."

"दिसणार नाही," सुचिता म्हणाली. "भाऊ, आज तुम्ही आत घेतलेल्या बायांना खरी कळी देऊन पाहा. आणि त्या अश्विनीला बोलवा परत. तिला पाच दिसले, कारण एक मागं आहे. जेवढे दिसले तेवढेच तिनं सांगितले. बाकीच्यांनी माझं पान पाठ केलं आहे."

सहदेव वाईट माणूस नाही. फक्त त्याला सगळं झटपट हवं असतं. माल नापास झाला तर पुढच्या वर्षी कोणी आपल्याला दारात उभं करणार नाही, हे त्याला न सांगता कळलं. "मंग परवा घेतो परत," तो म्हणाला. "खऱ्या कळीवर."

"चष्मा घालून येतील त्यांनाही बसू द्यायचं."

"येऊ द्या ना, दुर्बीण लावून येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी दोघी देऊळगाव राजाला चष्म्याच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं बारीक अक्षरांचा पुठ्ठा तानुबाईपुढं धरला. तिनं तो हातानं बाजूला केला. कमरेची पिशवी सोडली आणि ओल्या फडक्यातून मिरचीच्या कळ्या आणि आपला चिमटा काढून काचेच्या टेबलावर मांडला.

"अक्षरं नाई वाचाचे मले," ती म्हणाली. "हे दिसलं पाह्यजे."

दुकानदारानं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली होती, पण असं नव्हतं पाहिलं. तो एकेक भिंग बदलत गेला आणि तानुबाई एकेक कळी उघडत गेली. एका भिंगाशी ती थांबली. कळी डोळ्यांजवळ आणली, लांब नेली, परत आणली.

"सुचिता, हिच्या पाकळीच्या कडेले लव हाय. बारीक बारीक." तिचा आवाज पोरीसारखा झाला होता. "मी इसरूनच गेल्ती."

मग तिनं चिमटा उचलला आणि टेबलावरच्या काचेवर केसर ठेवत गेली. सगळे जांभळट, सगळे अखंड, एकही फुटलेला नाही. कळीच्या मधोमध एकटा हिरवा दांडा ताठ उभा राहिला, त्याला ओरखडासुद्धा नाही. दुकानदारानं शेजारच्या कापडवाल्याला हाक मारून बोलावलं आणि दाखवलं. सुचिता कोपऱ्यात उभी राहून बघत होती. हे एक दृश्य पानावर टाकता आलं असतं तर प्रकाश-तापमानाचे सगळे तक्ते तिनं खुशाल पुसले असते.

घामानं घसरण्यावर तानुबाईनं स्वतःच उपाय काढला. खूण बांधायचा क्रॉसिंगचा लाल धागा तिनं दुहेरी पिळून चष्म्याच्या दोन्ही काड्यांना बांधला आणि डोक्यामागं गाठ मारली. कपाळावर घाम टिपायला सुती पट्टी बांधली.

तशीच ती शंकररावांच्या दारात गेली. या खेपेला सहदेवच्या हातात मोबाइल नव्हता, कळ्यांची परात होती. आधी अश्विनी बसली आणि सफाईनं पास झाली. कौशल्याबाई आणि आणखी तिघींच्या कळ्यांत मात्र केसर राहिले. मग तानुबाई. तिनं कळी घेतली आणि ती उघडून परत परातीत ठेवेपर्यंत सहदेवचं बोलणं अर्धंच झालं होतं. शंकररावांनी कळी उचलून उन्हात धरली आणि बराच वेळ बघितली.

"तानुबाई, टोळी तुमचीच," ते म्हणाले.

"टोळी माह्यीच हाय. पण कौशल्या आन ह्या तिघी आज घरी जातीन. चष्मा करून आल्यावर घ्याचं त्याईले. निंदणाले नाई पाठवाचं, क्रॉसिंगले घ्याचं."

शंकररावांनी मान हलवली, नेहमीसारखी. कौशल्याबाईनं तिथंच तानुबाईचा चष्मा मागून घेतला, डोळ्यांना लावला आणि परातीतली कळी हातात घेतली. मग ती खरेच मोजायला लागली, एक, दोन, तीन.

मेळावा झाला. सुचितानं पाठ केलेलं भाषण केलं नाही. तिनं सरळ सांगितलं, की ज्या पानावर सगळ्यांत जास्त माणसं आली त्यावरचा फोटो आणि उत्तर मी काढून टाकलं आहे, आणि का काढलं तेही सांगितलं. आत्याबाईंचं नाव मात्र घेतलं नाही. पण तानुबाई पहिल्या रांगेत बसली होती. लाल धाग्याचा चष्मा लावूनच आली होती. ती उठून उभी राहिली आणि सगळ्या नेटवाल्यांकडं तोंड करून म्हणाली, "ते मी. चष्मा डोळ्याले लागला, हाताले नाई लागला." आणि बसली. टाळ्या पडल्या त्या एवढ्यालाच पडल्या. सुचिताच्या भाषणाला पडल्या नाहीत, आणि तिला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. गजेंद्र मागं उभा होता. शेजारच्या माणसाला तो उगीचच सांगत होता, "माय हाय माह्यी."

कळीच्या पानावर आता तानुबाईचा फोटो आहे, धागा बांधलेला चष्मा लावलेला. खाली धागा कसा बांधायचा ते आहे. वाचक निम्म्याहून कमी झाले. आलेख असा उतरला, की एरवी गजेंद्रनं आठवडाभर बोलायला नको होतं. पण आता कोणी आलं तर थोडा वेळ का होईना, रेंगाळतं. आणि सुचिता अलीकडं चहा आधी घेते, आलेख मग बघते.

तरी बघतेच. खोड ती खोड. आणि असंच बघता बघता दिवाळीच्या तोंडाशी तिला एक नवल दिसलं. प्रकाश आणि तापमानाच्या पानावर, त्या ओसाड पानावर, कोणीतरी येत होतं. एकच माणूस, रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. आणि किती वेळ थांबत होतं! दारातून माघारी फिरणारं नव्हतं. काल जिथं सोडलं त्याच्या थोडं पुढं जायचं, रोज थोडं थोडं. सुचिताच्या मनात नाना शंका आल्या. विद्यापीठातला कोणी शास्त्रज्ञ असेल, एखाद्या कंपनीचा मोठा साहेब असेल. तिनं गजेंद्रला सांगितलं. तो नुसता हसला आणि गाडी काढून गेला.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेला सुट्टी होती. दुपारी सुचिता परसातून ओसरीवर आली. तानुबाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर गजेंद्रचा मोबाइल, डोळ्यांवर चष्मा, डोक्यामागं लाल गाठ. चौथीपर्यंत शिकलेली ती बाई, नजर गेल्यापासून तिनं लग्नपत्रिकासुद्धा वाचली नव्हती. आता तिचं बोट अक्षराखालून सरकत होतं आणि ओठ हलत होते.

"ता-प-मा-न वा-ढ-ल्या-स," ती वाचत होती.

सुचिता दारातच थांबली. तानुबाईनं वर न बघता तिला ओळखलं.

"हे पान कोणी वाचत नाई म्हणते ना तू?" तानुबाई म्हणाली. "खरंच लय लांब लिवलं पोरी. तक्त्यापर्यंत आली मी. बस इथं, पुढचं तूच समजावून सांग."

सुचिता तिच्याशेजारी बसली.